जीभ घसरली म्हणजे इंग्रजी येत नाही असं नव्हे!



तिसरीच्या वर्गात मी मुलांना सकाळच्या न्याहारीबद्दल इंग्रजीत बोलायला सांगितलं होतं. एक मुलगी उठली आणि घाईघाईत म्हणाली, ‘आय ड्रिंक बिस्कीट अँड ईट टी.’ वर्ग खो-खो हसला. मीही म्हणाले, ‘अगं, बिस्कीट पितात का?’ ती खाली बसली. त्यानंतर बरेच दिवस इंग्रजीच्या तासाला तिने हात वर केला नाही. चूक कोणाची? आज मला वाटतं, माझीच.

जरा तिचं वाक्य बघा. ‘ईट’ आणि ‘ड्रिंक’ दोन्ही शब्द तिला येत होते, फक्त जागा बदलल्या. आणि क्रियापदाच्या जागी क्रियापदच आलं! आपण एक शब्द उच्चारत असतो तेव्हा मन पुढचे शब्द तयार करत असतं. तयार असलेला शब्द कधीकधी आधीच बाहेर पडतो, एवढंच.

ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांचंही असंच होतं. ऑक्सफर्डचे प्राध्यापक स्पूनर (१८४४–१९३०) यांच्या नावावरून तर अशा अदलाबदलीला ‘स्पूनरिझम’ म्हणतात. अभ्यासात दिलं जाणारं एक उदाहरण छान आहे. ‘थिनली स्लाइस्ड’ म्हणायचं होतं, तोंडून गेलं ‘स्लाइसली थिन्ड’. शब्द इकडचे तिकडे झाले, पण ‘ली’ आणि ‘ड’ ही शेपटं आपल्या जागेवरच राहिली. म्हणजे जीभ घसरली तरी डोक्यातलं व्याकरण शाबूत असतं. व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी १९७१ मध्ये हेच दाखवलं की या चुकांनाही नियम असतात. फ्रॉइडने १९०१ मध्ये अशा चुकांमागे मनात दडपलेल्या इच्छा शोधल्या होत्या. पण बिस्कीट-चहासाठी एवढ्या खोलात कशाला जायचं? घाई, थकवा, विचलित झालेलं लक्ष आणि भीती, ही कारणं पुरेशी आहेत.

आपल्या मुलांवर तर दुहेरी ओझं असतं. विचार मराठीत, शब्द इंग्रजीत शोधायचे, आणि वर बाईंच्या चेहऱ्याकडेही लक्ष! आपण मध्येच टोकलं की भीती वाढते, आणि भीती वाढली की जीभ आणखी अडखळते.

मग चुका सुधारायच्याच नाहीत का? सुधारायच्या, पण ओळखून. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच हा फरक सांगितला: एक चूक ओघात होते, दुसरी नियम न कळल्यामुळे. मूल प्रत्येक वेळी ‘गोड’ (गो-चं भूतकाळी रूप म्हणून) म्हणत असेल, तर तिथे ‘वेंट’ शिकवायला हवं. पण एकदाच घसरलं तर मनात तीनपर्यंत मोजा. पुष्कळदा मूल स्वतःच सुधारतं. नाहीच सुधारलं तर उत्तरातच बरोबर वाक्य वापरा: ‘ओह, यू ईट बिस्कीट अँड ड्रिंक टी! मी टू.’

आणि पालकहो, पाहुण्यांसमोर मुलाला इंग्रजी बोलायला लावून तिथेच चुका काढू नका. आपणही मराठीत दिवसातून चार वेळा घसरतोच की. आपल्याला कोण हसतं?

तुमच्या वर्गात, घरात काय अनुभव आहे? नक्की सांगा.