वर्षाचं मावंदं

डिसेंबर संपत आला की घराघरांतलं जुनं कॅलेंडर भिंतीवरून खाली उतरतं. ‘कालनिर्णय’ १९७३ मध्ये निघालं. तेव्हापासून मराठी घरांत तिथी-वार पाहता पाहता त्याच चौकटींत दुधाची रतिबं, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख, विम्याचा हप्ता आणि परीक्षेचा दिवस टिपून ठेवायची सवय लागली. मोबाइल आल्यावरही ती पुरती मोडलेली नाही. म्हणूनच रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा बारा पानं चाळून पाहिली, तर वर्ष कसं गेलं ते आपोआप कळतं.

छत्तीसगढमधल्या दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांत पद्मनाभपूर नावाची वसाहत आहे. तिथलं एखादं मराठी घर डोळ्यांपुढे आणू या. नाव कुठलंही द्या, गोष्ट बहुतेक घरांना लागू पडेल. या घरातल्या कॅलेंडरवर जानेवारीत आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाची खूण आहे. फेब्रुवारीअखेर घरातले कर्ते पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त झाले. मे महिन्यात लेकीचं लग्न नागपूरला लागलं. जुलैमध्ये मुलाकडे पुण्याला नातीचं बारसं झालं. आणि दिवाळी आटोपल्यावर पती-पत्नी दोघं काशी-प्रयाग करून आली. एका वर्षात एवढं सारं! ‘देवानं भरभरून दिलं,’ असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि त्यात काही खोटं नाही.

दूरच्या मुलखातलं घर

या भागात मराठी माणूस आज आलेला नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरला राहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. पुढे १८८२ मध्ये नागपूरहून निघालेली रेल्वे राजनांदगावपर्यंत पोहोचली आणि नोकरी-व्यवसायासाठी येणं-जाणं सोपं झालं. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. मग देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसं इथे आली. शेजारी तेलुगू, पलीकडे बंगाली, समोर मल्याळी आणि दूधवाला छत्तीसगढी, अशा आळीत मराठी घरंही रुजली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे वेगळं राज्य झालं, पण आळीतला हा शेजार तसाच राहिला.

अशा गावात सख्खे नातेवाईक बहुधा दूर असतात. नागपूर सुमारे २६५ किलोमीटरवर, पुणं-मुंबई तर त्याहून कितीतरी लांब. डिसेंबर २०२२ मध्ये बिलासपूर-नागपूर वंदे भारत गाडी सुरू झाली, ती दुर्गला थांबते, त्यामुळे नागपूर जवळ आल्यासारखं वाटतं. तरीही रात्री-अपरात्री आजींना धाप लागली तर नागपूरचा भाऊ उपयोगी पडत नाही, भिंतीपलीकडचा शेजारीच धावून येतो. म्हणूनच दूरच्या मुलखात नांदणाऱ्या घराला एक गोष्ट लवकर कळते. आपल्या घरातलं कुठलंच कार्य आपण एकट्याने पार पाडत नसतो.

तारखेमागची माणसं

आता तेच कॅलेंडर पुन्हा एकदा पाहा. मे महिन्यात ‘लग्न’ एवढंच लिहिलेलं आहे. पण सगळं घर आठ दिवस नागपूरला होतं, तेव्हा कुलपाची किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. तुळशीला पाणी त्यांनीच घातलं आणि रोज संध्याकाळी पुढचा दिवाही त्यांनीच लावला. जुलैमध्ये ‘बारसं’ असं लिहिलं आहे. पण सुनेच्या बाळंतपणात रात्र रात्र जागली ती तिची आई. नोव्हेंबरमध्ये ‘काशी’ असं ठळक अक्षरांत लिहून त्याला लाल गोल केला आहे. पण गुडघ्यांमुळे आजींना उठवत नाही, त्यांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून धाकट्या जाऊबाई राजनांदगावहून येऊन पंधरा दिवस राहिल्या. त्यांनी पथ्याचं केलं, वेळेवर गोळ्या दिल्या, रात्री दोनदा उठून हात धरला. कॅलेंडरवर त्यांच्या नावाचा गोल कुठेही नाही.

निवृत्त झालेल्या गृहस्थांचंच उदाहरण घ्या. भिलाईच्या रेल मिलमध्ये १९६० पासून रेल्वेचे रूळ तयार होतात. आता तिथे १३० मीटर लांबीचा रूळ एकसंध लाटला जातो, आणि असे दोन जोडून २६० मीटरची लांबी रेल्वेला दिली जाते. सारनाथ एक्स्प्रेसने दुर्गहून काशीला जाताना गाडीतली किती माणसं खालच्या रुळाचा विचार करत असतील? गाडी वेळेवर पोहोचली की आपण गाडीला नावाजतो, खिडकीतून दिसलेल्या डोंगरांना नावाजतो. रूळ दिसत नाही म्हणून तो आठवत नाही. आयुष्यभर रूळ घडवणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. पण घरातल्या रुळांच्या बाबतीत त्यालाही विसर पडतो.

मावंदं कशासाठी?

आपल्याकडे यात्रेहून परतलं की मावंदं घालायची रीत आहे. आणलेल्या गंगेची पूजा करायची, आप्तेष्टांना आणि शेजाऱ्यांना बोलवायचं, गंगेचं तीर्थ द्यायचं आणि पोटभर जेवू घालायचं. ही रीत पडली तेव्हा काशीला पायी जावं लागे. गेलेला माणूस परत येईलच याची खात्री नसे. त्याच्यामागे शेत कुणीतरी पाहिलेलं असे, म्हातारे आई-वडील कुणीतरी सांभाळलेले असत. जाणाऱ्याने पुण्य मिळवलं, पण त्याला जाता यावं म्हणून बाकीचे मागे राहिले होते. तेव्हा त्या पुण्यातला वाटा त्यांच्या पानात वाढल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असा सरळ अर्थ मावंद्यात दिसतो.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात गेले. घरावरचं कर्ज फेडायला चार पैसे मिळावेत हा हेतू होता. नेमकी बंडाची धामधूम सुरू झाली आणि ते तिच्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. वाटेत लुटालूट झाली आणि कमावलेलं हातचं गेलं. तरीही काशीहून भरलेली गंगेची कावड त्यांनी घरापर्यंत आणली आणि आई-वडिलांना गंगास्नान घातलं. पुढे त्यांनी लिहिलेली ही हकीकत चिं. वि. वैद्य यांनी संपादित केली आणि ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये ती छापली गेली. धनासाठी घराबाहेर पडलेला हा माणूस धन आणू शकला नाही. पण ज्यांना काशीला जाणं जमलं नव्हतं, त्यांच्यासाठी तो काशीचं पाणी घेऊन आला.

अवघड वर्षांचं काय?

सगळ्यांचीच वर्षं लग्न-बारशांनी भरलेली नसतात. कुणाच्या घरातून यंदा माणूस गेलेला असतो, कुणाची नोकरी सुटलेली असते. अशा घराला ‘मिळालं त्याचे आभार माना’ असं सांगणं निष्ठुरपणाचं ठरेल. झालेल्या दुःखाचे आभार कुणी मानू नयेत. पण त्या दुःखात दाराशी कोण उभं होतं, हे मात्र अवश्य आठवावं.

दुर्गच्या शेजारच्याच राजनांदगावशी अशी एक कथा जोडलेली आहे. कवी ना. वा. टिळक त्या संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. १८९३ च्या सुमारास नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या आणि त्याने त्यांना बायबल वाचायला दिलं. त्या एका प्रवासाने घराची दिशाच बदलली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन मागे राहिल्या. नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी काही वर्षं काढली. मग पती-पत्नी पुन्हा एकत्र आली आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः विचारपूर्वक तो धर्म स्वीकारला. शाळेत न गेलेल्या या बाईंनी उतारवयात लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. ताटातुटीच्या त्या वर्षांबद्दल लिहितानाही त्यांच्या मनात कडवटपणा नाही. आधार देणारी माणसं त्यांनी हसत, बारीकसारीक तपशिलांसह रंगवली. दिवस वाईट होते हे त्या लपवत नाहीत, पण त्या दिवसांतली चांगली माणसंही विसरत नाहीत. मागे वळून पाहायचं ते असं.

आभार कसे मानावेत?

इथे एक अडचण येते. मराठी घरांत एकमेकांचे आभार मानायची पद्धत नाही. ‘घरच्या माणसाचे कसले आभार?’ असं म्हणून आपण विषय संपवतो. त्यात आपलेपणा आहे, हे खरं. पण कधीकधी त्याच आपलेपणाच्या आडून एखाद्याचे कष्ट गृहीत धरले जातात. धाकट्या जाऊबाईंना ‘थँक यू’ म्हटलं तर त्या संकोचतील, हेही खरं. मग काय करावं?

सोपा उपाय म्हणजे केलेल्या कामाचा चारचौघांत उच्चार करावा. ‘तू पंधरा दिवस आईंजवळ थांबलीस, म्हणून आम्हाला निश्चिंत मनाने गंगेत बुडी मारता आली,’ हे सगळ्यांसमोर बोलून दाखवलं की आभार हा शब्दही उच्चारावा लागत नाही. ‘सगळ्यांनी खूप मदत केली’ या मोघम वाक्याने कुणाचंच मन भरत नाही. काय केलं ते नेमकं सांगावं. नवीन वर्षाच्या शुभेच्छांचा एकच संदेश मोबाइलवरून शंभर जणांना पाठवण्यापेक्षा पाच जणांना फोन करावा. एखाद्याकडे जाऊनच यावं. कामवाल्या बाईंनी लग्नाच्या गडबडीत रोज दोन तास जास्त काम केलं असेल, तर त्यांचे आभार तोंडी मानून भागत नाही, त्या तासांचे पैसे हिशेबाने द्यावेत.

यासाठी जानेवारीइतका चांगला महिना दुसरा नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू आहेच. नागपूरच्या वाटेवरचं असो की दुर्ग-भिलाईतलं, मराठी घरात तिळगुळाच्या निमित्ताने शेजारीपाजारी येतातच. छत्तीसगढमध्ये याच सुमारास, पौष पौर्णिमेला, छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं, मुलं दारोदार येतात आणि घरोघरीच्या बायका त्यांच्या टोपल्यांत धान घालतात. पीक घरात आलं की त्यातलं थोडं दाराबाहेर जायलाच हवं, असा या सणाचा भाव आहे. आपलं मावंदं आणि त्यांचा छेरछेरा, दोन्ही एकाच कुळातले.

घरातली सगळी माणसं एका संध्याकाळी एकत्र बसवा. उतरवलेलं कॅलेंडर मध्ये ठेवा. प्रत्येक खुणेपाशी थांबून मुलांना विचारा, ‘हे कुणामुळे झालं?’ मुलं अशी नावं सांगतात की मोठ्यांना नवल वाटतं. शाळेची रिक्षा चुकली त्या दिवशी स्कूटरवरून सोडणारे समोरचे काका त्यांनाच आठवतात. आजींनाही विचारा. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला पन्नास पानं उठली, तेव्हा स्वयंपाकघरात शेवटपर्यंत कोण उभं होतं, हे त्यांनी बसल्या जागेवरून पाहिलेलं असतं. नावं कागदावर उतरवा. ती यादी बहुधा वाटलं होतं त्याच्या दुप्पट होते.

आणि एवढं झाल्यावर आणखी एक काम उरतं. मागे राहणारं माणूस दर वर्षी तेच असतं का, ते जरा पाहा. लग्नात मुक्कामाला न येता घर सांभाळणारी, सहलीला ‘तुम्ही जाऊन या’ म्हणणारी, दुखणाइताजवळ बसणारी बाई बहुतेक घरांत एकच असते. तिचं म्हणणं ऐकून आपण निर्धास्तपणे निघतो. जेवायला बोलावून, साडी देऊन तिचं ऋण थोडं फिटेल. पण खरं मावंदं व्हायचं असेल तर नव्या कॅलेंडरवर पहिला लाल गोल तिच्या प्रवासाचा काढावा. धाकट्या जाऊबाईंची पंढरी राहिली असेल, कोल्हापूरची अंबाबाई राहिली असेल किंवा त्यांनी अजून समुद्रच पाहिला नसेल. तारीख त्यांना विचारून ठरवावी, तिकीट आपण काढावं आणि ते पंधरा दिवस आजींच्या गोळ्यांच्या वेळा आपण सांभाळाव्यात.