संगणक आपला, हुकूम कुणाचा?

गट ऑफिसच्या बाकावर घटकाभर बसले की सभासदांच्या तक्रारी कानावर पडतातच. तोड वेळेवर मिळत नाही, ऊस वाळतोय, हप्ता कधी पडणार, पाण्याची पाळी चुकली. या तक्रारी आमच्या ओळखीच्या आहेत. अलीकडे मात्र त्यांच्या जोडीला एक नवीन तक्रार येऊन बसली आहे. ती संगणकाची.

परवा एक वयस्कर सभासद म्हणाले, "नातवाला शिकायला संगणक घेतला. यंत्र धडधाकट हाय. आता दुकानदार म्हणतो, ह्यात नवीन विंडोज बसत नाही, दुसरा घ्या. अहो, आमचा ट्रॅक्टर वीस वर्षांचा झाला, अजून नांगरतोय. त्याला कुणी सांगितलं नाही की बाबा, तुझी मुदत संपली!"

आम्हाला या बोलण्यात तथ्य वाटते. आणि हा प्रश्न एकट्या नातवाचा नाही. ऊस नोंदीपासून काटा पावतीपर्यंत आणि पावतीपासून बिलापर्यंत कारखान्याचा सगळा व्यवहार आता संगणकावर आहे. म्हणजे या यंत्रात जो बदल होतो, त्याची झळ फडात उभ्या असलेल्या सभासदापर्यंत पोहोचते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

आधी विंडोज म्हणजे काय ते पाहू. संगणकाची सगळी अवजारे ही तोडणीची टोळी समजली, तर ऑपरेटिंग सिस्टीम हा तिचा मुकादम. पडदा, कळफलक, प्रिंटर, आतली साठवण, सगळ्यांना कामाला तोच लावतो. बहुतेक ऑफिसांत आणि घरांत हा मुकादम अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीचा विंडोज असतो. कंपनी दर काही वर्षांनी नवा मुकादम धाडते. विंडोज एक्सपी २००१ साली आला, विंडोज ७ हा २००९ साली, विंडोज ८ हा २०१२ साली, विंडोज १० हा २०१५ साली आणि विंडोज ११ हा ऑक्टोबर २०२१ मध्ये. विंडोज १० ही शेवटची आवृत्ती, असे २०१५ साली कंपनीच्याच एका माणसाने जाहीर व्यासपीठावर सांगितले होते. सहा वर्षांत पुढचा अवतार हजर! आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळी आठवड्यावर आली असताना, विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती कंपनीने थांबवली.

दुरुस्ती थांबली म्हणजे संगणक त्या दिवशी बंद पडला असे नाही. तो चालतोच. पण बांधाला खेकड्याने नवे भोक पाडले, तर ते बुजवायला आता कुणी येणार नाही, असा त्याचा अर्थ.

मग नवा विंडोज का बसवत नाही, असे कुणी विचारील. तर तो बसवायला संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास, थोडे अपवाद सोडता, तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. त्याआधीचा संगणक कितीही चांगला चालत असो, कंपनीच्या वहीत तो बाद. कॅनॅलिस या बाजार अभ्यास करणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज दिला होता की, यापायी जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील.

ज्यांना जुन्यावरच राहायचे, त्यांच्यासाठी कंपनीने वाढीव मुदतीची सोय जाहीर केली. घरगुती वापरासाठी ती एका वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तिची किंमत ३० डॉलर, किंवा आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या खात्यात साठवू द्यायची. संस्थांसाठी दर निराळा. एका संगणकाला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, असे जास्तीत जास्त तीन वर्षे. बेरीज केली तर एका संगणकाला ४२७ डॉलर होतात. सावकाराच्या चक्रवाढीची आठवण व्हावी, असा हा हिशेब आहे.

पैशाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू. कारकुनांची आणि पोरांची खरी चिडचिड निराळीच आहे. हाताला वळण पडलेले असते. डोळे मिटून जिथे बोट जाते, तिथली वस्तू नव्या आवृत्तीत दुसरीकडे नेऊन ठेवलेली. विंडोज ८ मध्ये तर डाव्या कोपऱ्यातले स्टार्टचे बटणच काढून टाकले होते. विंडोज ११ आला तेव्हा खालची पट्टी बाजूला किंवा वर नेण्याची जुनी सोय गेली. उंदराचे उजवे बटण दाबल्यावर जी यादी उघडायची, तिच्यातली निम्मी कामे आणखी एका यादीच्या पोटात गेली. घरगुती आवृत्ती पहिल्यांदा चालू करताना इंटरनेट आणि कंपनीचे खाते मागितले जाऊ लागले. आपल्या घरात शिरताना घर बांधणाऱ्या गवंड्याकडे नाव नोंदवायचे, तसला हा प्रकार!

जुन्या कार्यालयांचे दुखणे याहून मोठे. ऊस बिलाचे, वर्गणीचे, पगाराचे कितीतरी प्रोग्रॅम एके काळी डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले. ते सोळा बिटांचे. विंडोजच्या चौसष्ट बिटांच्या आवृत्तीवर ते सरळ चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटांतच निघाला. जुन्या फॉन्टात टाईप केलेल्या मराठी ठरावांची गतही तीच. तो फॉन्ट नव्या संगणकात नसला की ठरावाच्या जागी नुसती अगम्य चिन्हे उमटतात. वीस वर्षांपूर्वी सभेने काय ठरवले, ते वाचता येऊ नये, ही साधी अडचण म्हणायची का?

आता आमचा मुद्दा. आम्ही नव्याच्या विरोधात नाही. को ७४० मागे पडून को ८६०३२ पुढे आला, तो आपणच आणला. पण तो रात्रीतून कुणी आपल्या रानात लावून गेला नव्हता. आधी बेणेमळ्यात पाहिला, शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून कांड्या मोजल्या, पहिल्या वर्षी दहा गुंठे केला, मग एकर केला. बदल पटला म्हणून घेतला. संगणकाच्या बाबतीत विचारण्याची ही रीतच उरलेली नाही. २०१६ साली विंडोज १० चा प्रसार चालू असताना, सूचनेची खिडकी बंद करण्यासाठी फुलीवर बोट दाबले, तर तीसुद्धा संमती धरली जात होती. कॅलिफोर्नियात प्रवासाचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईचा संगणक या बदलानंतर नीट चालेना. त्यांनी दावा लावला आणि १०,००० डॉलर भरपाई मिळवली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नुसते "जुने ते सोने" म्हणून भागत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत रुग्णांच्या हजारो तारखा रद्द झाल्या. ज्या भोकातून तो शिरला, त्याची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये, निघाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. तेव्हा दुरुस्ती हवीच. तक्रार आहे ती दुरुस्तीच्या नावाखाली यंत्र बदलायला लावण्याची आणि हाताचे वळण मोडण्याची.

मग करायचे काय? गप्प बसायचे? अनुभव तसे सांगत नाही. विंडोज ८ विरुद्ध जगभर ओरड झाली, तेव्हा वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ८.१ आणून स्टार्टचे बटण परत द्यावे लागले. वाढीव मुदतीबाबत युरोपातल्या ग्राहक संघटनांनी दबाव आणला, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या घरगुती ग्राहकांना ती पैसे आणि साठवणीच्या अटीशिवाय देण्याचे जाहीर झाले. त्यांनाही खाते लागतेच, पण खिशाला चाट नाही. एकट्याने कुरकुर केली तर कुणी ऐकत नाही, एकत्र आले की ऐकावे लागते. हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. खाजगी गुऱ्हाळवाल्याच्या आणि व्यापाऱ्याच्या दाराशी ताटकळणारा शेतकरी एकत्र आला, म्हणून तर कारखाने उभे राहिले.

म्हणून संचालक मंडळापुढे आमच्या काही सूचना आहेत.

पहिली गोष्ट, गाळप हंगाम चालू असताना काट्याच्या आणि ऊस बिलाच्या संगणकात कोणताही मोठा बदल करू नये. मिलचे रोलर आपण जानेवारीत काढतो का? ओव्हरहॉलिंग बंद हंगामात होते, तसे संगणकाचेही तेव्हाच व्हावे. काटा दोन तास थांबला, तर यार्डात गाड्यांची रांग लागते, तुटलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, उतारा घटतो. नुकसान सभासदाचे.

दुसरी, काट्याच्या संगणकाला इंटरनेटची गरज नसेल तर तो जोडूच नये, आणि हाताने लिहायचे पावती पुस्तक काट्यावर कायम तयार असावे.

तिसरी, सरसकट नवी खरेदी करण्याआधी प्रत्येक खात्याची यादी करावी. बँकेचे आणि टपालाचे काम ज्यांवर चालते, त्यांना सुरक्षित आवृत्ती आधी द्यावी. नुसत्या पत्रव्यवहाराचे जुने संगणक लिनक्सवर चालवून पाहावेत. ही ऑपरेटिंग सिस्टीम फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. केरळच्या सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे तिच्यावरच शिकत आहेत. पण तिथेही बेणेमळ्याचीच रीत पाळावी, आधी एका टेबलावर, मग खात्यात.

चौथी, जुने मराठी ठराव आणि सभासद नोंदी युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात आणि एक छापील प्रत कपाटात ठेवावी.

पाचवी, एकेका कारखान्याने किंमत विचारण्यापेक्षा साखर संघामार्फत सर्व कारखान्यांनी मिळून बोलावे. दरही मिळून ठरवावा, आणि मुदतीबद्दलची तक्रारही मिळून करावी.

सभासद बंधू-भगिनींनाही एक विनंती. दुकानदाराने "बाद" म्हटले म्हणून घरचा संगणक भंगारात देऊ नका. आधी जाणत्या पोराकडून तपासून घ्या. मात्र सुरक्षा दुरुस्ती थांबलेल्या यंत्रावर बँकेचा व्यवहार करू नका, आणि महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत वेगळी ठेवा.

त्या वयस्कर सभासदाला आम्ही सध्या एवढेच सांगू शकलो की, आण्णा, तुमचा संगणक म्हातारा झालेला नाही, त्याला म्हातारा ठरवला आहे. तो ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी जरूर विचारावा. पैसे आपले आहेत. विचारण्याचा हक्कही आपला आहे.