दिल्लीच्या हाती गेलेली संध्याकाळ

१९८२ म्हटलं की लोकांना दूरदर्शनचा रंगीत पडदा आठवतो. मला त्या वर्षातला दुसरा बदल अधिक मोठा वाटतो. १५ ऑगस्टला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीचा ऐन मोक्याचा वेळ प्रादेशिक केंद्रांच्या हातून गेला. मुंबई केंद्राला तेव्हा दहा वर्षंही पुरी झाली नव्हती. ‘गजरा’, ‘आमची माती, आमची माणसं’ यांनी मराठी प्रेक्षक नुकता कुठे जोडला होता. एप्रिलमध्ये सोडलेला इन्सॅट-१ए उपग्रह सप्टेंबरात निकामी झाला, तरी दिल्लीचं प्रक्षेपण थांबलं नाही. नोव्हेंबरात एशियाड आलं. ज्याच्या घरी रंगीत संच, त्याच्या दारात चपलांचा ढीग! हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने सातवा गोल चढवला तेव्हा मुंबई-मद्रास एकाच क्षणी हळहळली. ही ताकद खरीच होती, ती मी नाकारत नाही. पण त्यासाठी मराठीला, तमिळला, बांगलाला मागच्या बाकावर बसवण्याची गरज नव्हती. १९९३ साली सन टीव्ही ही खासगी तमिळ वाहिनी आली आणि तमिळ घरांनी ती लगेच आपलीशी केली. ती भूक अकरा वर्षं आधीही होती, आणि तेव्हा ती भागवणारी केंद्रं सरकारच्याच हातात होती.