दारू सुटल्यानंतरचे पहिले वर्ष

जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्कात भरघोस वाढ केली. या वाढीतून राज्याच्या तिजोरीत वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची भर पडेल, असा अंदाज तेव्हा सांगण्यात आला. देशी दारूच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. त्यानंतर जी चर्चा झाली ती महसुलाची, परवान्यांची आणि उपाहारगृहचालकांच्या नाराजीची. ज्याला ही बाटली सोडावयाची आहे, किंबहुना जो ती सोडण्याचा दहादा प्रयत्न करून दहादा हरला आहे, त्याचा या चर्चेत कोठे मागमूसही नव्हता. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या दोन ग्रामीण तालुक्यांकडे पाहिले म्हणजे ही उणीव किती मोठी आहे, याची कल्पना येते.

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात मागणीच्या लवचिकतेचे प्रकरण असते. किंमत वाढली की नवशिक्याचे पिणे काही अंशी घटते, हे अनेक देशांच्या अनुभवाने दिसून आलेले आहे आणि त्या दृष्टीने मद्यावरील कर समर्थनीयच आहे. परंतु ज्याचे शरीर दारूवाचून चालेनासे झाले आहे, त्याची मागणी जवळजवळ अलवचिक असते. त्याच्या घरात किंमतवाढीनंतर कमी होतो तो दारूचा घोट नव्हे. कमी होते ते तेल, डाळ, मुलाची वही आणि बायकोचे औषध. हेही न परवडले तर तो परवानाधारक दुकानाकडे पाठ फिरवून गूळ-नवसागराच्या हातभट्टीकडे वळतो. विषारी दारूने २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत किती घरे उजाड केली, हे मुंबईकर विसरले असतील. त्या दारूचे गिऱ्हाईक कोण होते, हे मात्र विसरून चालणार नाही.

सरकार आणि दारू यांचे या मुलुखातील नाते तसे जुने आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या समाजांत मोहाची दारू देवाला दाखवली जाई, लग्नात आणि मर्तिकात वाटली जाई. ती घरी गाळलेली असे आणि तिला ऋतूची मर्यादा असे, कारण मोह काही बारमाही फुलत नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्याचा हा हक्क मक्तेदाराकडे गेला. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरच निर्बंध घातले. जी वस्तू रानात फुकट मिळे ती दुकानात रोख पैशाने मिळू लागली, आणि सणाचा पदार्थ रोजच्या बाजाराचा झाला. परकी सरकारने हे सर्व नीतीच्या भाषेत केले. हेतू मात्र महसुलाचा होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, पुढे साठीच्या दशकात बंदी सैल झाली, आणि आज त्याच कायद्याच्या आधाराने राज्य परवाने देत असते. बंदीच्या नावाचा कायदा विक्रीचे नियमन करतो, हा विरोधाभास आता कोणाला खटकतही नाही.

बंदीचे काही मार्ग गावांच्या हाती आहेत, हे खरे. स्त्रियांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची, म्हणजे लोकभाषेत ‘बाटली आडवी करण्याची’, तरतूद महाराष्ट्रात आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे व मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि तेथील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर नियंत्रणाचा अधिकार दिलेला आहे. हे अधिकार वापरले जावेत. पण दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी व्यसनी माणसाचे काय होते, याचे उत्तर त्या ठरावात नसते.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूवर पूर्णतः अवलंबून आहेत. त्यांपैकी दर ३८ जणांमागे अवघ्या एकाला कसले तरी उपचार मिळालेले होते, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला माणूस १८० जणांत एक होता. ही देशाची सरासरी झाली. ज्या मुरबाडमध्ये अद्याप रेल्वे नाही आणि जेथून कल्याण गाठावयाचे तर एस.टी.ची किंवा वडापची वाट पाहावी लागते, तेथील पाड्यावरचा माणूस या सरासरीच्या कोणत्या बाजूला असेल, हे सांगण्यासाठी संख्याशास्त्राची गरज नाही.

त्यामुळे दारू सोडण्याचा येथील रूढ मार्ग म्हणजे शपथ. कोणी पंढरीची माळ घालतो, कोणी रेवदंड्याच्या धर्माधिकारी घराण्याच्या प्रेरणेने चालणाऱ्या बैठकीला जाऊ लागतो. शिकलेली माणसे या मार्गाला हसतात, ते बरोबर नाही. माळ गळ्यात दिसते, हेच तिचे सामर्थ्य आहे. हळदीच्या मांडवात माळकऱ्याला कोणी आग्रह करीत नाही. उलट त्याने हात पुढे केलाच तर शेजारी मागे ओढतो. संध्याकाळचे दोन तास, जे पूर्वी गुत्त्यावर जात, ते भजनात जातात. एका व्यसनी माणसाला सबंध गावाचा पहारा मिळतो, आणि तोही फुकट. या एका उपायाने जेवढ्या संसारांना आधार दिला, तेवढा सरकारी योजनांनी दिलेला नाही, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

तथापि या मार्गात दोन खाचा आहेत आणि दोन्ही जीवघेण्या आहेत. पहिली शरीराची. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, ओकाऱ्या होतात. पहिल्या दोन दिवसांत काहींना झटके येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर काहींना भ्रम होतो. अंगावर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसे बोलू लागतात. ही मेंदूच्या रसायनांतील उलथापालथ आहे आणि उपचारांवाचून तिच्यात मृत्यूही येऊ शकतो. घरच्यांना मात्र ही बाहेरची बाधा वाटते. भगताला बोलावले जाते, माणसाला खांबाला बांधले जाते, किंवा दया येऊन कोणी पुन्हा एक ग्लास पाजतो आणि शपथ तेथेच संपते. वस्तुतः उतरत्या मात्रेत दिलेले शामक औषध, ब-१ जीवनसत्त्वाची सुई, पाणी-क्षारांचा समतोल आणि चार-पाच दिवसांची देखरेख एवढ्यावर बहुतेक रुग्ण या दिव्यातून सुखरूप पार पडतात. अर्धपोटी व्यसनी माणसाला ब-१ न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावणे मेंदूला अपायकारक ठरू शकते. एवढी साधी गोष्ट गावोगाव सलाईन लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावयास हवी. एस.टी. स्टँडच्या भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा ज्या जाहिराती दिसतात, त्यांबद्दलही हेच. दारूशी वैर करणारे औषध रुग्णाच्या नकळत आमटीत कालवले आणि त्याने वर दारू घेतली, तर प्राणावर बेतू शकते. अशी औषधे रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात.

दुसरी खाच मनाची आहे. शरीर त्या मानाने लवकर सावरते. भूक परतते, चेहऱ्यावरची सूज उतरते, यकृतावरची चरबी काही आठवड्यांत कमी होऊ लागते. सिरोसिसपर्यंत गेलेले यकृत मात्र पूर्ववत होत नाही. मनाचे घड्याळ याहून मंद चालते. झोप कित्येक महिने तुटक राहते, लक्ष लागत नाही, क्षुल्लक कारणाने संताप येतो, आणि काही नसताना उदास वाटते. घरच्यांची समजूत अशी असते की दारू सुटली म्हणजे माणूस बरा झाला. मग हा चिडका, गप्प बसणारा माणूस पाहून ते म्हणतात, ‘याच्यापेक्षा पीत होता तेव्हा बरा होता.’ या वाक्याने अनेकांना परत गुत्त्यावर पोचवले असेल. अशा अवस्थेत पाय घसरणे हा रोगाचाच भाग असतो; रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण पथ्य मोडतो, तसाच हाही. परंतु माळ ही प्रतिज्ञा असल्यामुळे एकदा घसरलेला माणूस ती उतरवून ठेवतो, लाजेने भजनाला जाणे सोडतो, आणि ज्या घटकेला आधाराची सर्वांत अधिक गरज असते त्याच घटकेला एकटा पडतो. शपथेत परत येण्याचा दरवाजा नाही, ही तिची मर्यादा.

हा दरवाजा उघडा ठेवण्याची युक्ती १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन येथे सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ने शोधली. जन्मभराचे वचन घ्यावयाचे नाही, फक्त आजचा दिवस. आणि घसरलेल्याने उद्या पुन्हा येऊन त्याच खुर्चीवर बसावयाचे. मुंबईच्या गर्दीत ही बैठक चालते, कारण तेथे माणूस निनावी राहू शकतो. चाळीस घरांच्या पाड्यात निनावी राहणार कोण? म्हणून शहरी साचा जसाच्या तसा उचलून डोळखांबला किंवा टोकावड्याला नेता येणार नाही. माळेचा उघडपणा आणि बैठकीची क्षमाशीलता यांची सांगड घालणारे काहीतरी येथल्या मातीतूनच घडवावे लागेल. भजनी मंडळांच्या बुवांना एवढे जरी पटवता आले, की माळ तुटलेल्याला दुसऱ्या दिवशी बोलावणे पाठवावे, तरी पुष्कळ साधेल.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा नाही असे नाही. डॉ. अनिता (सुनंदा) आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभारले. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या बायकोलाही मदतीची गरज असते, हे ओळखून ‘सहचरी’ हा स्त्रियांचा गट चालवला जातो. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’ने बैठकीला योगासनांची जोड दिली. सहचरीमागचा विचार विशेष मोलाचा आहे. नवरा पीत होता त्या दहा वर्षांत घर बायकोने चालवले. रेशन, उसनवारी, मुलांची शाळा, सासऱ्याचे आजारपण सारे तिने पाहिले. तो शुद्धीवर येतो आणि पहिली मागणी करतो ती पैशाच्या डब्याची. तिला तो देववत नाही, कारण डबा हातात गेला की काय होते, हे तिने पाहिले आहे. त्याला वाटते, एवढे करूनही विश्वास नाही. मुले तर बापाच्या पावलांचा आवाज ओळखून अजूनही कोपऱ्यात सरकतात. यात दोष कोणाचाच नाही, आणि औषधाची गोळीही यावर नाही. हा भाग भरून येण्यास महिने नव्हे, वर्षे लागतात.

आता खरी अडचण. बरे होण्यास निदान एक वर्ष स्थिर आयुष्य लागते, आणि येथील गरिबाजवळ स्थिर वर्षच नसते. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाते. पाऊस पडेपर्यंत त्याचा मुक्काम भट्टीवर. आठवड्याला मिळते ती फक्त खर्ची. मजुरीचा हिशेब हंगामाच्या शेवटी. खर्चीचा दिवस हाच बाजाराचा दिवस आणि तोच दारूचा. रोख रक्कम हातात येणे, थकलेले अंग आणि घराबाहेरचे जिणे, पाय घसरण्याची ही तिन्ही कारणे एकाच संध्याकाळी एकत्र येतात. जुलैत भातलावणीच्या वेळी कोणी मोठ्या निश्चयाने दारू सोडली, तर डिसेंबरात तो जेथे असेल तेथे ना त्याचे भजनी मंडळ असते, ना आशाताई, ना औषध देणारा दवाखाना. उलट उचल आधीच दारूत गेलेली असेल तर पुढच्या हंगामाचे श्रमही गहाण पडतात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली. उचलीच्या रूपाने तिची सावली मात्र मागे राहिली. जमीन रस्त्यात किंवा प्रकल्पात गेल्याने एकदम मोबदला हाती आलेल्या कुटुंबाची कथा निराळी, पण फार निराळी नाही. तेथे टंचाईऐवजी सुबत्ता तेच काम करते.

म्हणून उपाययोजना तालुक्याच्या पंचांगाप्रमाणे आखावी लागेल. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही बंदी पुरेशी नाही हे ओळखून तेथे २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू झाले आणि त्यात व्यसनोपचाराची सोय तालुक्याच्या ठिकाणी नेण्यात आली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत दारूमुळे उद्भवणाऱ्या मनोविकारांचाही समावेश आहे आणि उपचार मिळणे हा त्या कायद्याने नागरिकाचा हक्क आहे. तेव्हा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात व मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात या कामासाठी चार-चार खाटा कायमच्या राखून ठेवाव्यात, आठवड्यातून एकदा बाजाराच्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ तेथे बसावा, आणि दाखल झालेल्या मजुराच्या घरी त्या पाच-सहा दिवसांची बुडालेली मजुरी पोचावी, ही मागणी अवाजवी नव्हे. मजुरी बुडते म्हणून उपचार टाळणारा माणूस अडाणी नसतो. तो त्याच्या परीने बरोबरच हिशेब करीत असतो. भट्टीमालकांकडून खर्चीचा निदान अर्धा वाटा बायकोच्या हाती देण्याची अट मजूर कार्यालयाला घालता येईल. कुटुंब भट्टीवर जाते त्या तालुक्याच्या आरोग्य केंद्राला रुग्णाचा कागद आधी गेला, तर औषधात खंड पडणार नाही.

या सर्वांना पैसा किती लागेल? वाढीव शुल्काच्या १४,००० कोटींतील शेकडा एक हिस्सा म्हणजे १४० कोटी रुपये. ते राज्यातील सर्व तालुक्यांत समान वाटले तरी प्रत्येक तालुक्याच्या वाट्यास वर्षाला सुमारे ३९ लाख रुपये येतात. औषधे, एक समुपदेशक, एक परिचारिका, तज्ज्ञाचा प्रवास आणि बुडीत मजुरी एवढे त्यात बसण्यासारखे आहे. राज्याचा पुढील अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा भट्ट्यांचा हंगाम अजून संपलेला नसेल.