नवी पेढी, जुनी पत

चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी दुकान थाटायचे तर मोक्याची जागा, भांडवल आणि पत हवी. ब्लॉगच्या दुकानास जागा लागत नाही. पत मात्र तितकीच लागते. मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत असताना यूट्यूबवर पाककृती मांडावयास आरंभ केला. पुढे मराठीतून नेमाने शिकवून त्यांनी लक्षावधी प्रेक्षक जोडले आणि त्याच विश्वासावर स्वतःचे मसाले बाजारात आणले. आधी पत, मग माल, हा क्रम व्यापारी घराण्यांस नवा नाही.

कंदमुळांविना रुचकर स्वयंपाक हे आपल्या श्राविकांचे पिढीजात ज्ञान. त्याचाही असा व्यवसाय होऊ शकतो. मात्र तेथेही व्रते सुटत नाहीत. दुसऱ्याचे लेखन वा छायाचित्र उचलणे अचौर्यास बाधक, तर मोबदला घेतल्याचे लपवून केलेली शिफारस सत्यास. २०२१ पासून भारतीय जाहिरात मानक परिषदेचाही तोच दंडक आहे.

एक गोष्ट घरच्यांनी करावी. सुनेच्या या कामास फावल्या वेळचा छंद न म्हणता तिच्या नावे बँक खाते आणि स्वतंत्र खतावणी ठेवावी. ज्या मिळकतीचा हिशेब राहतो, तिलाच व्यापारी घरात व्यवसायाचा मान मिळतो.