उचलणे वेगळे, पेलणे वेगळे

दारात मोटार उभी असली की तिची लहानसहान कामे आपणच करावीत, असे घरातील हौशी मंडळींना वाटू लागते. ऑइल बदलणे, ब्रेकचे पॅड पाहणे, सायलेन्सरचा सैल झालेला पट्टा आवळणे ही कामे फारशी अवघड नाहीत. मिस्त्रीची मजुरी वाचते. शिवाय आपले वाहन आपल्याला कळू लागते, हा लाभ त्याहून मोठा. परंतु यांपैकी बऱ्याच कामांसाठी गाडी जमिनीपासून वर घ्यावी लागते, आणि खरा धोका तेथेच आहे. म्हणून या वेळी दुरुस्तीविषयी न लिहिता तिच्या आधीच्या पायरीविषयी लिहीत आहोत.

2014 साली जिचे उत्पादन थांबले ती मारुती 800 ही आपल्या रस्त्यांवरील अगदी हलक्या मोटारींपैकी एक. तिचेही वजन सुमारे 650 किलो, म्हणजे सिमेंटची तेरा पोती. आजच्या बहुतेक मोटारी तिच्याहून जड आहेत. एवढा भार ज्याच्यावर तोलायचा, ते साधन नीट ओळखले पाहिजे.

गाडीबरोबर मिळणारा कैचीसारखा उघडणारा जॅक वाटेत चाक बदलण्यापुरता असतो. त्याची बैठक अरुंद. गाडीला बाजूने धक्का लागला की तो कलंडतो. गॅरेजमधील हायड्रॉलिक जॅक अधिक दमदार दिसतो. पास्कलच्या नियमानुसार तेलावरील दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, आणि हाताच्या थोड्या जोराने मोठे ओझे वर जाते. पण तो सारा भार अखेर कोंडलेल्या तेलावर आणि एका सीलवर असतो. सील झिजले किंवा झडप किंचित सैल राहिली, की जॅक खाली येतो. कधी हळूहळू, कधी एकदम. तेव्हा मनात पक्के धरावे : जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलण्याचे नव्हे. पेलण्यासाठी जॅक-स्टँड हवेत. या लोखंडी घडवंच्या जोडीने मिळतात. त्यांत तेल नसते. दातेरी दांडा किंवा आडवी खीळ त्यांची उंची धरून ठेवते. किती भार सोसतील ते त्यांच्यावर लिहिलेले असते, ते पाहूनच घ्यावेत.

विटांची चवड रचून त्यावर गाडी टेकवू नये. भिंतीत वीट सर्व बाजूंनी सारखा भार घेते. एकाच ठिकाणी दाब पडला, तर ती पूर्वसूचना न देता फुटते.

जागा सपाट आणि टणक असावी. अंगणातील मातीत जॅक रुततो, आणि वैशाखाच्या उन्हात डांबरही मऊ पडते. अशा वेळी खाली जाड फळी घालावी. गाडीतील माणसे उतरवावीत, हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी. एवढ्यावर मात्र विसंबू नये. बहुतेक मोटारींचा हँडब्रेक मागच्या चाकांनाच धरतो. तीच चाके उचलली, तर तो निरुपयोगी ठरतो. तसेच इंजिनाची शक्ती ज्या दोन चाकांना जाते, त्यांपैकी एक अधांतरी झाले, की डिफरन्शियलमुळे गिअरची पकडही सुटते. घाटात थांबलेल्या ट्रकच्या चाकांना क्लीनर दगड लावतो, त्याचप्रमाणे जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे घट्ट लावावेत.

चाक काढायचे असेल, तर त्याचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. अधांतरी गाडीवर जोर लावणे म्हणजे तिला ढकलणेच होय. जॅक कोठे लावावा हे माहितीपुस्तिकेत दाखवलेले असते. पुष्कळ गाड्यांत दारांखालच्या कडेला, पुढच्या चाकाच्या मागे व मागच्या चाकाच्या पुढे, तशा खुणा असतात. ऑइल चेंबरला किंवा तळाच्या पत्र्याला जॅक लावू नये. गाडी कामापुरतीच वर घ्यावी, पुस्तिकेत सांगितलेल्या भक्कम जागी दोन्ही बाजूंना स्टँड ठेवावेत, आणि मग जॅक सावकाश उतरवून भार त्यांच्यावर सोपवावा.

आता गाडीला हातांनी हलवून पाहावे. ती डुगडुगली, तर खाली उतरवून पुन्हा मांडावे. उभ्याने लक्षात आलेला दोष आडवे झाल्यावर कळण्यापेक्षा बरा. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे ठेवावे. दैवयोगाने गाडी घसरलीच, तर तेवढी वीतभर फट प्राण वाचवू शकते.

घरच्या मंडळींनीही दोन गोष्टी पाळाव्यात. कोणी गाडीखाली असताना तिचे दार उघडू नये, आत बसू नये, मुलांना आसपास खेळू देऊ नये. आणि घरात कोणी नसताना कोणीही गाडीखाली शिरू नये. हाक ऐकणारे माणूस जवळ असलेच पाहिजे.

स्टँडची जोडी एकदाच घ्यावी लागते आणि नीट जपली तर वर्षानुवर्षे टिकते. ती घरी येईपर्यंत गाडीखालची कामे खुशाल मिस्त्रीकडे सोपवावीत. त्यात कमीपणा काही नाही.