तिसरी पायरी

जुन्या चाळीच्या जिन्याची एक पायरी सुटलेली असते. पोस्टमन ती ओलांडतो, पोरं तिच्यावरून उडी मारतात, पाहुण्याला वरूनच ओरडून सांगितलं जातं, ‘‘सांभाळून हं, तिसरी पायरी!’’ मग एका पावसाळी संध्याकाळी कुणाची तरी म्हातारी आई घसरते, खुब्याचं हाड मोडतं आणि सगळी चाळ म्हणते, नशीब!

नशीब कसलं? वेगळा करार नसेल तर दुरुस्ती घरमालकानेच करायची, असं १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं चौदावं कलम सांगतं. त्याने चालढकल केली, तर भाडेकरूंनी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी आणि तरीही तो हलला नाही, तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. वाचायला छान वाटतं. पण माझी हयात बँकेत गेली. हात आपसूक आकडेमोडीकडे वळतो. वर्षभरात वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथाईहून जास्त नसावी, अशी अट आहे. महिना साठ रुपये भाडं धरा. वर्षाचे ७२०, चौथाई १८०. वीस बिऱ्हाडांचे मिळून ३,६००. एवढ्यात गवंडी जिन्याकडे बघायलाही येणार नाही.

मालक म्हणेल, साठ रुपयांत जिना कुठून बांधू? तक्रार खोटी नाही. मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठली होती. हे गोठवणं अन्यायाचं झालं आहे, असं १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. साठावर दोन रुपये चाळीस पैसे! पण खोली हातपालट होताना पागडीतला वाटा मालक घेतोच, आणि त्या व्यवहाराला याच कायद्याने मान्यता दिली. त्यातला पैसा जिन्यावर खर्च झालेला मी तरी पाहिलेला नाही.

पडलेल्या माणसाचं काय? पावतीवर नाव मुलाचं, पडली आई. इंग्लंडात असंच झालं होतं. स्वयंपाकघराची मोडकी जमीन खचून एक गृहिणी जखमी झाली. दुरुस्तीचं वचन दिलेलं होतं, पण करार नवऱ्याशी, म्हणून १९०६ मध्ये तिचा दावा फेटाळला गेला. तिथे पुढे १९७२ च्या कायद्याने मालकाची जबाबदारी घरात वावरणाऱ्या इतरांपर्यंत नेली. आपल्याकडे निष्काळजीपणाचा दिवाणी दावाच लावावा लागतो. त्याला आधार नाही असं नाही. दिल्लीच्या चांदनी चौकातलं घंटाघर १९५१ मध्ये कोसळून माणसं दगावली, तेव्हा दोष वरून दिसत नव्हता ही पालिकेची सबब १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानली नाही. तिसरी पायरी तर सगळ्यांना दिसते!

म्हणून ती नोटीस १८० रुपयांसाठी नव्हे, तर मालकाला ठाऊक होतं हे तारखेनिशी दाखवण्यासाठी द्यावी. पायरीचा फोटो जोडावा, स्पीड पोस्टाने पाठवावी, पोच आणि प्रत भाडेपावत्यांबरोबर जपावी. सह्या मात्र सगळ्या बिऱ्हाडांच्या घ्याव्यात. तळमजल्यावरच्यांना जिना लागत नाही, तरी त्यांच्याही.